आंबटाची वेळ

उपासाच्या आदल्या रात्री बटाटे उकडून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि सकाळी त्यांची कोशिंबीर करायची, ही सोय पुष्कळ घरांत असते. गार बटाट्याच्या फोडी छान सुबक होतात. वर लिंबू पिळायचं, मीठ-साखर घालायची, मिरची आणि दाण्याचं कूट घालून कालवायचं. जिभेवर थेंब ठेवून पाहिला तर चव अगदी बरोबर लागते. पण ताटात वाढेपर्यंत आंबटगोड पाणी भांड्याच्या तळाशी उतरतं, आणि फोड दाताखाली आली की बाहेरून आंबट, आतून अळणी. मग आपण आणखी अर्धं लिंबू पिळतो, आणखी चिमूटभर मीठ घालतो. त्यानं तळाचं पाणी तेवढं वाढतं. फोड आतून होती तशीच राहते.

आता हेच बटाटे उकडल्या उकडल्या, बोटं पोळत सोलून बघा. वाफ निघत असतानाच चकत्या करा आणि त्यांवर तेवढंच लिंबू, तेवढंच मीठ घाला. दहा मिनिटांनी तळाशी पाणी जवळपास दिसत नाही आणि चकती आतूनही चवदार लागते. बटाटा तोच, लिंबू तेच, मीठही तेवढंच. फक्त वेळ बदलली. त्या वेळेत बटाट्याच्या पोटात काय घडतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ते एकदा कळलं की आमटीपासून भाजीपर्यंत स्वयंपाकातल्या बऱ्याच गोष्टींची कारणं कळतात.

श्वाबेनची कोमट कोशिंबीर

गरम बटाट्याला आंबट रस पाजण्याची ही युक्ती ज्या प्रदेशानं आपल्या खाद्यसंस्कृतीची ओळख बनवली, तो म्हणजे जर्मनीच्या नैर्ऋत्येचा श्वाबेन. श्टुटगार्ट हे तिथलं मोठं शहर. १९६८ पासून ते आपल्या मुंबईचं भगिनी शहर आहे. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, पण तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला लगेच जवळ केलं नाही. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला १७५६ साली बटाटा लावण्याचा हुकूमच काढावा लागला. आजही पॉट्सडामला त्याच्या समाधीवर लोक फुलांबरोबर बटाटे ठेवतात. आपल्याकडे हे कंद पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आले आणि ‘बटाटा’ हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला.

जर्मनीत बटाट्याच्या सॅलडचे ढोबळमानानं दोन पंथ आहेत. उत्तरेकडे ते मेयोनेझ घालून गार करतात. दक्षिणेत, म्हणजे श्वाबेन आणि बव्हेरियात, मेयोनेझ नसतं. तिथं गरम बटाट्याच्या पातळ चकत्यांवर मांसाचं किंवा भाज्यांचं कढत सार ओततात. त्यात व्हिनेगर, मोहरीची चटणी, बारीक चिरलेला कांदा, मीठ आणि मिरपूड असते, आणि तेल सगळ्यात शेवटी पडतं. हे सॅलड कोमट खातात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज हा बेत जर्मनीतल्या असंख्य घरांत ठरलेला असतो.

चांगलं जमलेलं सॅलड ‘श्लोत्सिग’ असावं, असं श्वाबेनची माणसं म्हणतात. ओलसर, सरसरीत, चकतीला रस धरून राहिलेला, पण भांड्यात पाणी नाही, असं काहीसं ते आहे. ढवळताना त्यातून मचमच असा आवाज आला पाहिजे, ही तिथली परीक्षा. आपण पुरणाला चमचा उभा राहतो का ते बघतो, तशीच. हा ‘श्लोत्सिग’पणा कुठून येतो, हे पाहायचं तर आधी बटाटा उकडताना त्याच्या आत शिरायला हवं.

विटा, गारा आणि पिठाची पोती

बटाटा म्हणजे विटांची भिंत आहे असं समजू. प्रत्येक वीट म्हणजे एक पेशी. दोन विटांना सांधणारा गारा म्हणजे पेक्टिन. जॅम घट्ट करणारं, पेरूच्या जेलीला थरथर देणारं, तेच हे पेक्टिन. प्रत्येक पेशीच्या आत पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कण भरलेले असतात, जणू पिठाची छोटी पोती. बटाट्यातले हे कण तांदळातल्या कणांपेक्षा कित्येक पटींनी मोठे असतात. आणि बाकी सगळं पाणी! बटाट्याच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असतो.

कच्च्या बटाट्यात प्रत्येक पेशीला आतून एक अगदी पातळ पडदा असतो. काय आत येऊ द्यायचं आणि काय बाहेर जाऊ द्यायचं, यावर तो पहारा ठेवतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं ते याच पडद्यामुळे. मीठ पडद्यातून सहजी आत जात नाही, पाणी मात्र मिठाच्या ओढीनं बाहेर येतं. म्हणून काकडीची कोशिंबीर आयत्या वेळी कालवायची असते.

उकडताना पहिल्यांदा पडतो तो हा पडदा. पाणी साठ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत तो फाटलेला असतो, आणि मग मीठ, आंबट, साखर यांना वाट मोकळी होते. म्हणजे काकडीला मीठ लावलं की पाणी बाहेर येतं आणि उकडलेल्या बटाट्याला लावलं की मीठ आत जातं. फरक आहे तो पहारेकरी असण्या-नसण्याचा.

त्यानंतर, साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला, पिठाची पोती फुगू लागतात. पिष्टाचे कण भोवतालचं पाणी शोषून घेतात आणि त्यांचा मऊ, पारदर्शक लगदा होतो. तांदळाची पेज शिजताना दाट होते, तीच ही क्रिया. बटाट्यात ती पेशीच्या बंद खोलीत घडते.

तिसरी पायरी गाऱ्याची. ८० अंशांच्या पुढे पेक्टिन विरघळू लागतं, विटा एकमेकींपासून सुटतात आणि सुरी सहज आत जाते. यालाच आपण ‘बटाटा शिजला’ म्हणतो. ही क्रिया फार पुढे गेली की भिंतच ढासळते. कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या की बटाट्याची साल फाटून बाहेरचा थर पाण्यात विरघळतो, तो असा. वड्याच्या सारणाला ते चालतं. चकत्या करायच्या असतील तर नाही.

डाळ आणि आमसूल

इथं आंबटाचा प्रवेश होतो, आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

डाळ शिजायच्या आधी चिंच किंवा आमसूल घालू नये, हे आपल्याकडे स्वयंपाक शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. घातलं तर डाळीत कणी राहते. कितीही उकळली तरी ती एकजीव होत नाही. कारण तेच पेक्टिन. हा गारा आंबट पाण्यात फार सावकाश विरघळतो आणि खाराच्या, म्हणजे सोड्याच्या पाण्यात झपाट्यानं. म्हणूनच छोले भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला की ते लवकर मऊ होतात आणि चिंच पडली की हटून बसतात. बटाट्याच्या रस्स्यात फोडी अर्ध्याकच्च्या असतानाच टोमॅटो घातले तर बटाटा शिजायला जास्त वेळ घेतो, याचं कारणही हेच.

पण जो गुण एका जागी अडथळा, तोच दुसऱ्या जागी आधार. बटाटा शिजल्यावर आंबट रस घातला तर तो उरलेल्या गाऱ्याला धरून ठेवायला मदत करतो. श्वाबेनच्या सॅलडमध्ये चकत्या कढत सारात बुडून बसतात आणि वर दहादा ढवळल्या जातात, तरी त्यांचा लगदा होत नाही. त्यात या आंबटाचाही वाटा असतो. म्हणून वेळेची पहिली खूण अशी: आंबट शिजण्याच्या आधी नको, शिजल्यावर हवं.

पण शिजल्यावर म्हणजे नेमकं कधी? रात्री उकडून सकाळी आंबट घातलं, तेही शिजल्यावरच होतं. तरी ते आत गेलं नाही.

गरम चकती रस का पिते

याचं उत्तर तीन गोष्टींत आहे.

पहिली वाफ. गरम बटाटा सोलून कापला की त्याच्या अंगातून वाफ निघते. पृष्ठभागाजवळचं पाणी उडून जातं आणि तिथल्या बारीक फटींत वाफ भरलेली राहते. त्यावर थोडा कमी गरम रस पडला की वाफेचं पाणी होतं, तिची जागा रिकामी होते आणि त्या जागी रस खेचला जातो. गुलाबजामाचं पाहा. तळलेला गरम गुलाबजाम पाकात सोडला की तो पाक पितो. तो पूर्ण गार होऊ दिला तर पाक कडेकडेनंच राहतो आणि मधे पांढरा गोळा दिसतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गरम पातळ पदार्थ जास्त प्रवाही असतो आणि त्यात विरघळलेले मिठाचे, आंबटाचे कण जास्त वेगानं इकडून तिकडे पसरतात. तूप थंडीत वाटीतून निघत नाही आणि गरम भातावर झिरपत जातं, तसंच काहीसं. म्हणूनच श्वाबेनमध्ये सारही कढत असतं. गरम चकतीवर फ्रीजमधला रस ओतला तर निम्मा फायदा तिथंच जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीही आपण रोज पाहतो. कालचा भात आज मोकळा आणि कडक का होतो? सकाळची भाकरी रात्री वातड का होते? पिष्टाचे रेणू म्हणजे लांब लांब साखळ्या. शिजताना त्या विस्कटून पाण्यात मोकळ्या होतात. गार होताना त्या पुन्हा एकमेकींना चिकटून रांगा लावू लागतात. त्यांच्यामधल्या पाण्याला जागा उरत नाही आणि सगळा गर आक्रसून घट्ट होतो. ताजा शिजलेला बटाटा ओल्या स्पंजासारखा असतो आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेला बटाटा रबरासारखा. फ्रीजमधल्या बटाट्याच्या फोडी सुबक होतात, त्या याच घट्टपणामुळे. आणि त्यांवर घातलेला रस तळाशी जातो, तोही याचमुळे.

गार बटाटा पुन्हा गरम केला तर? थोडा फरक पडतो. चिकटलेल्या साखळ्यांपैकी काही सुटतात, पण ज्या घट्ट बसल्या आहेत त्या साध्या उकळत्या पाण्यानंही सुटत नाहीत. शिळा भात वाफवला तरी तो ताज्या भातासारखा होत नाही, तसंच हे.

म्हणजे वेळेची दुसरी खूण: शिजल्यावर, पण गार व्हायच्या आत. इतकं असूनही रस चकतीच्या गाभ्यापर्यंत धावत जातो असं नाही. तो कडेपासून हळूहळू आत सरकतो. म्हणून चकत्या पातळ हव्यात, जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीच्या. मोठ्या चौकोनी फोडीला गाभा जास्त आणि कड कमी. पातळ चकतीला जवळपास सगळी कडच.

हे घरी पडताळून पाहता येतं. दोन सारखे बटाटे घ्या. एक उकडून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसरा उकडा आणि दोघांच्या सारख्या जाडीच्या चकत्या करा. दोन्ही चकत्या वजनकाट्यावर तोलून पंधरा मिनिटं एकाच आंबट-खारट पाण्यात ठेवा. मग बाहेरून टिपून पुन्हा तोला आणि मधून कापून गाभ्याची चव घ्या. पाण्यात बिटाचा रस घातला तर रंगाची कडही मोजता येईल. शाळेतल्या मुलांनी करावा असा हा प्रयोग आहे.

तेल शेवटी का

श्वाबेनच्या स्वयंपाकघरात एक क्रम कोणी मोडत नाही: आधी सार आणि व्हिनेगर, मग मुरणं, मग तेल. आपण मात्र सॅलड म्हटलं की तेल, लिंबू, मीठ एकत्र फेटून एकदम ओततो.

पावसाळ्याच्या आधी लाकडाला तेल का चोळतात, ते आठवलं की कारण कळतं. तेल पाण्याला अडवतं. बटाट्याच्या चकतीवर तेलाचा पातळ थर बसला की सार आणि व्हिनेगर, जे मुख्यतः पाणीच आहेत, त्यांना आत शिरायला अडचण होते. हेच तेल शेवटी घातलं तर उलटा उपयोग होतो. रस आत गेलेला असतो, आणि तेल वरून लेप देऊन त्याला आत राखतं. चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि तुकतुकीत दिसतात. वेळेची तिसरी खूण ही: आंबट तेलाच्या आधी.

मोहरीचं काम

आता सारातलं पाणी, व्हिनेगर आणि वरचं तेल, यांचं जमायचं कसं? तेल आणि पाणी कितीही ढवळा, थोड्या वेळानं वेगवेगळे होतात. त्यांना एकत्र ठेवायला मध्यस्थ लागतो. इथं तो मोहरी आहे. मोहरीच्या टरफलात पाण्यानं बुळबुळीत होणारा एक पदार्थ असतो. तो आणि मोहरीतली प्रथिनं मिळून तेलाच्या बारीक थेंबांभोवती आवरण धरतात, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळून वर येत नाहीत. ताक घुसळताना आपण लोण्याच्या थेंबांवरचं आवरण फोडून त्यांना एकत्र आणतो. इथं बरोबर उलटं करायचं असतं.

मराठी स्वयंपाकाला हे नवीन नाही. कोशिंबिरीला आणि लोणच्याला मोहरी फेसून लावण्याची आपली जुनी पद्धत आहे. मोहरी पाण्याबरोबर वाटून, फेसून नाकात झणका येईपर्यंत फेटतात. हा झणका मोहरीत आधीपासून तयार नसतो. दाणा फुटून ओला झाला की त्यातलं एक एन्झाइम, म्हणजे क्रिया घडवून आणणारं प्रथिन, जागं होतं आणि दुसऱ्या एका पदार्थापासून तो तिखट वास तयार करतं. उष्णतेनं हे एन्झाइम निकामी होतं. म्हणून फोडणीतल्या मोहरीला असा झणका नसतो, आणि म्हणूनच मोहरी गार पाण्यातच फेसायची. तयार जर्मन मोहरी मिळाली नाही तर दोन चमचे फेसलेली मोहरी हे काम उत्तम करते.

सार दाट होण्यात आणखी एकाचा हात असतो, तो म्हणजे खुद्द बटाट्याचा. ढवळताना चकत्यांच्या कडा किंचित झिजतात आणि त्यातलं पिष्ट सारात उतरतं. आमटीला पिठाचं पाणी लावावं तसं सार सरसरीत होतं. ‘श्लोत्सिग’पणा म्हणजे एवढंच: आत गेलेला रस, बाहेर उतरलेलं थोडं पिष्ट आणि दोघांमध्ये अडकलेलं तेल. मात्र हलक्या हातानं ढवळा. पेशी फार फुटल्या तर सगळं पिष्ट बाहेर येऊन खळ होते.

कोणता बटाटा घ्यावा

जर्मन दुकानांत बटाट्याच्या पिशवीवर तो शिजल्यावर कसा राहतो ते लिहिलेलं असतं: ‘फेस्टकोखेंड’, म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा, आणि ‘मेलिशकोखेंड’, म्हणजे पिठूळ होणारा, आणि या दोघांच्या मधला एक. सॅलडसाठी पहिला घेतात. ‘झीग्लिंडे’, ‘लिंडा’ ही त्यातली नावाजलेली वाणं.

फरक पिष्टाच्या प्रमाणाचा आहे. पिठूळ बटाट्यात पिष्ट जास्त. शिजताना पोती इतकी फुगतात की पेशी गोलसर होऊन एकमेकींपासून सुटतात. बटाटा भुसभुशीत होतो. घट्ट बटाट्यात पिष्ट कमी, म्हणून पेशी एकमेकींना धरून राहतात. आपल्या मंडईत पिशवीवर असं काही लिहिलेलं नसतं, पण पारख करायची साधी रीत आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. पिष्ट पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे पिठूळ बटाटा बुडतो आणि घट्ट बटाटा तरंगतो. नाहीतर पातळ सालीचा, नुकता काढलेला नवा बटाटा निवडा. साठवणीतल्या जुन्यापेक्षा तो सहसा घट्ट निघतो. हिरवट झालेले, मोड आलेले बटाटे मात्र घेऊ नका. त्यांत सोलानिन हा विषारी पदार्थ वाढलेला असण्याची शक्यता असते आणि तो उकडून जात नाही.

करून पाहू या

एक किलो मध्यम, सारख्या आकाराचे बटाटे सालासकट गार पाण्यात ठेवून, मीठ घालून उघड्या पातेल्यात उकडा. थेट उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर विरघळेपर्यंत आतला शिजत नाही. गार पाण्यापासून सुरुवात केल्याचा आणखी एक फायदा आहे. पाणी सावकाश तापताना ५५ ते ७० अंशांच्या टप्प्यात बटाट्यातलं एक एन्झाइम कॅल्शियमच्या मदतीनं पेक्टिनचा गारा थोडा पक्का करतं आणि बटाटा आकार राखतो. पाणी उकळू लागल्यावर साधारण वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. सुरी सहज आत गेली की लगेच काढा.

तोवर एका भांड्यात एक बारीक चिरलेला कांदा घ्या. त्यावर ३०० मिलिलिटर कढत सार ओता. कढत सारानं कच्च्या कांद्याचा उग्रपणा मोडतो आणि गोडवा राहतो. सार गाजर, कांदा, कोबीचे देठ, मिरे आणि तमालपत्र घालून उकळलेल्या पाण्याचं चालेल. हरभऱ्याच्या डाळीचा कट असेल तर आपल्या घरी त्याच्यासारखं दुसरं नाही. त्यात चार-पाच मोठे चमचे व्हिनेगर, दोन चहाचे चमचे मोहरी, दीड चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा साखर आणि मिरपूड घाला. व्हिनेगर सौम्य असावं. गोव्यात माडाच्या सुरेपासून करतात ते व्हिनेगर इथं फार छान लागतं. बाजारातलं पांढरं कृत्रिम व्हिनेगर नुसत्या आंबटाचं काम करतं, त्याला स्वतःचा वास नसतो.

बटाटे गरम असतानाच सोला. जर्मन घरांत यासाठी तीन दात्यांचा छोटा काटा असतो, त्यावर बटाटा टोचून धरतात. आपण जाड फडक्यात धरावा. पातळ चकत्या थेट सारात पडू द्या. हलक्या हातानं वरखाली करा आणि अर्धा तास झाकून ठेवा. सुरुवातीला भांड्यात फार पाणी दिसतं आणि काळजी वाटते. थांबा. अर्ध्या तासात ते दिसेनासं होईल.

मग चाखा. आंबट आणि मीठ आता कमी वाटेल, कारण दोन्ही आत पसरलेली असतात, आणि बटाटा चव बोथट करतो. लागेल तसं थोडं वाढवा. शेवटी पाच मोठे चमचे सूर्यफुलाचं किंवा तसलंच सौम्य वासाचं तेल घालून कालवा, वर कांद्याची पात पेरा. कोमट असतानाच वाढा. कोमट अन्नातून वासाचे कण जास्त प्रमाणात नाकापर्यंत पोहोचतात, म्हणून त्याच व्हिनेगरचा, त्याच मोहरीचा स्वाद गार सॅलडपेक्षा भरून लागतो. उरलं तर तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका. शिजलेला ओला बटाटा जंतूंनाही आवडतो. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जायला हवं.

दही आणि मेयोनेझ

मग आपण दह्यातली बटाट्याची कोशिंबीर गार बटाट्याची का करतो? आणि उत्तर जर्मनीतले लोक मेयोनेझ घालताना बटाटे गार का होऊ देतात? दोन्हींचं कारण एकच. दही म्हणजे दुधातल्या प्रथिनांचं जाळं, त्यात पाणी अडकलेलं. गरम बटाट्यावर पडलं की जाळं आक्रसतं, पाणी सुटतं आणि दही फुटल्यासारखं दिसतं. मेयोनेझ म्हणजे अंड्याच्या बलकानं धरून ठेवलेले तेलाचे थेंब. उष्णतेनं तेही फुटून तेल सुटतं. हे दोन्ही दाट पदार्थ आत जिरण्यासाठी नसतातच, ते बाहेरून लपेटण्यासाठी असतात.

पण म्हणून आतली फोड अळणी राहायला हवी असं नाही. बटाटे गरम असताना आधी फक्त लिंबाचा रस, मीठ आणि साखर लावून ठेवायचं आणि गार झाल्यावर दही किंवा कूट मिसळायचं. पातळ रस गरमात, दाट रस गारात.

गार झाल्यावर

बटाटा गार होताना पिष्टाच्या साखळ्या घट्ट बसतात, हे चवीसाठी अडचणीचं असलं तरी पोटासाठी त्याला दुसरी बाजू आहे. अशा घट्ट बसलेल्या पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. तो पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथल्या उपयुक्त जिवाणूंचं अन्न होतो. उकडून गार केलेला आणि व्हिनेगर लावलेला बटाटा खाल्ल्यावर रक्तातली साखर ताज्या गरम बटाट्याच्या मानानं कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. याचा अर्थ मधुमेह असलेल्यांनी तो पोटभर खावा असा नाही. फरक आहे, पण बटाटा बटाटाच राहतो. उरलेलं सॅलड दुसऱ्या दिवशी खायला मात्र हरकत नाही. रस आदल्या दिवशीच आत गेलेला असल्यानं ते आतून अळणी लागत नाही.

> थोडक्यात
>
> • आंबट शिजण्याआधी नको: पेक्टिन विरघळत नाही, बटाटा आणि डाळ दोन्ही हटून बसतात.
>
> • आंबट गार होण्याआधी हवं: गार होताना पिष्ट आक्रसतं आणि रसाला जागा उरत नाही.
>
> • आंबट तेलाआधी हवं: तेलाचा थर पाण्याला अडवतो.
>
> • रस कढत, चकत्या पातळ, ढवळणं हलकं.
>
> • अर्धा तास मुरल्यावर पुन्हा चाखा.
>
> • दही आणि मेयोनेझ बटाटा गार झाल्यावरच.

एकच क्षण

डाळ बोटांनी चेपून पाहत, आमसूल हाताशी ठेवून थांबणारी आपल्याकडची बाई आणि काट्यावर टोचलेला कढत बटाटा घाईघाईनं सोलणारी श्वाबेनची बाई, दोघी एकाच क्षणावर नजर ठेवून असतात. गारा सुटला आहे आणि पोती अजून मऊ आहेत, तो हा क्षण. एकीला त्याच्या आधी घाई करायची नसते, दुसरीला तो निसटू द्यायचा नसतो. पेक्टिन आणि पिष्ट हे शब्द कोणी सांगण्याच्या कितीतरी आधी स्वयंपाकघरांनी तो क्षण हातानं आणि जिभेनं ओळखला होता.

तेव्हा पुढच्या एकादशीला बटाटे आदल्या रात्री उकडू नका. सकाळी उकडा, गरम गरम सोला, पातळ चकत्या करा आणि लिंबू-मीठ लगेच लावा. कूट आणि मिरची नंतर घातली तरी चालेल. लिंबाला मात्र थांबवू नका.